देवानेच बोलावलं, मग हे इतकं जड का?

प्रश्न : मी मुलींच्या एका मिशन बोर्डिंगची अधीक्षिका आहे. हे काम देवाने दिलं या खात्रीने शहरातली नोकरी सोडून इथे आले. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांच्या मुली वाढल्या. मदतनीस बाई सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. किराणा, आजारपणं, ऑडिट, रात्रीची राखण, सगळं माझ्याकडे आहे. पहाटे प्रार्थनेला बसते तर डोक्यात कामांची यादी फिरते, शब्द निघत नाहीत. सगळे म्हणतात, देवावर भार टाका. टाकायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आणि हे खरंच त्याचं बोलावणं होतं का?

उत्तर :

ताई, सलाम.

तुमचा शेवटचा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू. बोलावणं होतं की नव्हतं हे थकलेल्या माणसाने रात्री अकरा वाजता ठरवायचं नसतं. मी त्याकडे परत येणारच आहे. त्याच्या आधीचा प्रश्न जास्त कामाचा आहे, की भार टाकायचा म्हणजे नेमकं काय करायचं. मंडळीत आपण हे वाक्य एकमेकांना इतक्या सहज सांगतो की ऐकणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक काम येऊन बसतं. आता भारही टाकायला हवा, आणि तो टाकता येत नाही म्हणजे आपला विश्वास कमी पडतोय, ही खंतही वाहायला हवी.

माझी बरीच वर्षं पाळकाच्या कामात गेली. आता निवृत्तीत जे भेटायला येतात तेही बहुतेक देवाच्या कामातलेच असतात. मिशन दवाखान्यातल्या सिस्टर असतात, शाळेतले शिक्षक असतात, चार-चार गावांच्या मंडळ्या एकट्याने सांभाळणारे तरुण पाळक असतात. त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसलं की जवळपास प्रत्येकाची विनंती एकच निघते : प्रभू, मला शक्ती दे. चांगली विनंती आहे, मीही करतो. पण देवाचा सेवक ओझ्याखाली खाली बसला की परमेश्वर काय करतो, हे पवित्र शास्त्रात नीट पाहिलंत तर त्याचं उत्तर बरेचदा वेगळं आलेलं दिसेल. तो ओझं वाटून देतो. आपण शक्ती मागत राहतो आणि तो माणसं पाठवत असतो, म्हणून उत्तर समोर उभं असूनही आपल्याला दिसत नाही.

गणनाचा अकरावा अध्याय काढा. मोशेने मिसराच्या गुलामीतून बाहेर आणलेले इस्राएल लोक रानात आहेत. मिसरातले मासे, काकड्या, कलिंगडं, कांदे, लसूण आठवून आपापल्या तंबूच्या दाराशी बसून रडताहेत. रोज इतक्या जणींच्या जेवणाचं पाहणाऱ्या बाईला हा प्रसंग समजावून सांगायला नको. त्या रडण्यात सापडलेला मोशे देवाशी जे बोलतो, ते आपल्या रविवारच्या प्रार्थनेत कोणी बोललं तर मंडळी डोळे उघडून बघेल. तो विचारतो, या सगळ्यांना मीच पोटात वाढवलं का, मीच जन्म दिला का, की दाईने तान्हं मूल उराशी धरावं तसं मी यांना न्यावं? मला एकट्याला हे झेपत नाही. माझ्याशी असंच वागायचं असेल तर मला एकदाचं मारून टाक.

या प्रार्थनेत स्तुती नाही, उपकारस्तुती नाही, 'तुझी इच्छा होवो' नाही. तरीही परमेश्वर मोशेला एका शब्दाने रागावत नाही. त्याच अध्यायात कुरकुर करणाऱ्या लोकांवर मात्र त्याचा कोप होतो. लोकांनी देवाविषयी आपापसात कुरकुर केली आणि मोशेने तीच कडू गोष्ट देवाच्या तोंडावर सांगितली, हा मला त्यातला मोठा फरक वाटतो. पहाटे शब्द निघत नाहीत असं तुम्ही लिहिलंत. शब्द असतील, पण प्रार्थनेला शोभतील असे नसतील, म्हणून ते ओठांशी अडत असतील. अडवू नका. 'प्रभू, स्वयंपाकी उद्या येणार नाही, एका मुलीला ताप आहे, ऑडिटच्या पावत्या सापडत नाहीत आणि मला तुझा राग आला आहे' ही पूर्ण प्रार्थना आहे. डोक्यात फिरणारी यादी तुम्हाला प्रार्थनेतला अडथळा वाटते, पण त्या दिवशी देवापुढे ठेवायला तुमच्याजवळ तीच यादी असते. तीच ठेवा. तेरावं स्तोत्र 'किती वेळ' असं चार वेळा विचारतं, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. ती दोन्ही आपल्या हातात दिली आहेत ती आपणही तसं बोलावं म्हणूनच.

मोशेला मिळालेलं उत्तर मात्र सावकाश वाचा. तुझं बळ दुप्पट करतो, असं परमेश्वर म्हणत नाही. तो म्हणतो, लोकांमधले वडीलधारे म्हणून तुला ठाऊक असलेले सत्तर जण जमव, त्यांना घेऊन दर्शनमंडपाजवळ ये. तुझ्यावरच्या आत्म्यातून काही मी त्यांच्यावर ठेवीन, म्हणजे ते तुझ्याबरोबर भार वाहतील आणि तुला एकट्याला वाहावा लागणार नाही. 'मला एकट्याला झेपत नाही' या वाक्याला हे थेट उत्तर आहे. झेपत नाही यावर देवाने वाद घातला नाही. त्याने एकटेपणाला हात घातला.

याच्याआधी निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला हेच सांगून गेला होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटाच न्यायनिवाडा करत बसलेला पाहून म्हाताऱ्याने हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमायला लावले. म्हणजे मोशेने एकदा वाटणी केलेलीच होती, तरी पुढे तो पुन्हा एकटा पडला. कारण कामं वाटली तरी काळजी वाटली जातेच असं नाही. कपाटाच्या किल्ल्या दुसऱ्याकडे दिल्या आणि झोपेत हिशोब तुम्हीच करत राहिलात, तर ती वाटणी अर्धीच झाली. म्हणून दुसऱ्या वेळी देवाने कामाबरोबर आत्माही वाटला. आपल्यावर जो आत्मा आहे तोच त्या सत्तरांवर आहे, एवढा विश्वास मोशेला ठेवावा लागला. ज्यांना खरोखर बोलावलेलं असतं त्यांना हाच भाग सगळ्यात कठीण जातो. दुसऱ्याने काम आपल्यासारखं केलं नाही की जीव वरखाली होतो. त्यांच्यातले एल्दाद आणि मेदाद छावणीतच देवाचा संदेश देऊ लागले तेव्हा मोशेचा मदतनीस यहोशवा म्हणालाच, यांना थांबवा. मोशेने उलट त्यालाच विचारलं, तुला माझ्यासाठी हेवा वाटतो का?

आपल्या नगर जिल्ह्यात हे घडलेलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती जोडप्याने 1970 साली जामखेडला काम सुरू केलं. तिथल्या गावांचं आरोग्य दोन डॉक्टरांच्या हातून होणारं नव्हतं. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या पुष्कळ जणी कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. बाळंतपण, लेकरांचं वजन, जुलाब झाल्यावर काय द्यायचं, हे सगळं त्यांना शिकवलं आणि त्यांच्या हाती सोपवलं. डॉक्टरकीचं ज्ञान असं दुसऱ्याच्या हाती देऊन टाकायला धीर लागतो. बोर्डिंगमध्ये तुमच्याकडे जे ज्ञान आहे, कुठली मुलगी ताप लपवते, कुठली रात्री रडते, कुठल्या दुकानदाराकडे उधारी चालते, ते अजून फक्त तुमच्याच डोक्यात असेल तर तुम्ही आजारी पडलात की मुलींचं काय होईल? ते कुणालातरी शिकवायला घ्या. रिकामी जागा भरेपर्यंत थांबू नका.

आता भार टाकण्याकडे येतो. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल एके ठिकाणी सांगतो, एकमेकांची ओझी वाहा, आणि तीन वचनांनी पुढे म्हणतो, प्रत्येकाने आपापला भार वाहावा. दोन्ही खरं आहे. तुमच्या मुलींचे आई-बाप ज्या फडात आहेत तिथली उसाची मोळी डोळ्यांपुढे आणा. ती डोक्यावर घेऊन चालायचं ज्याचं त्यालाच असतं, पण जमिनीवरून डोक्यावर चढवताना दुसऱ्याचा हात लागतोच, आणि दोघांची मोळी एकट्याने घ्यायची नसते. तुमच्या ओझ्यातही असे वेगवेगळे भाग आहेत. काही तुमचं आहे, ते तुम्हीच वाहायचं. काही दुसऱ्या माणसांचं आहे, पण त्यांनी ते घेतलं नाही म्हणून तुमच्याकडे येऊन पडलं आहे. आणि काही कुणाही माणसाचं नाही, ते देवाचंच आहे.

पहाटेच्या वेळी हीच निवड करा. वही घ्या, डोक्यात फिरणारं सगळं लिहून काढा, मग एकेका ओळीवर बोट ठेवून विचारा : प्रभू, हे कुणाचं? तापातल्या मुलीला दवाखान्यात नेणं तुमचं आहे. रात्रपाळीला माणूस नसणं हे कमिटीचं आहे, आणि ते त्यांना सांगणं एवढंच तुमचं. एखादीचा बाप कारखान्यावर दारू पितो आणि मुलगी त्या काळजीने जेवत नाही. तिच्याजवळ बसणं तुमचं, तिच्या बापाचं मन बदलणं देवाचं. तो बाप रोज तुमच्या छातीवर बसत असेल तर त्याचं नाव घेऊन सांगा, 'हा तुझा आहे, मी याला तुझ्याकडे देते.' दुसऱ्या दिवशी तो परत तुमच्या छातीवर आलेला असेल. परत द्या. एकदा देऊन सुटलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. रोज देत राहणाऱ्यांना मात्र मी वर्षानुवर्षं टिकताना पाहिलं आहे.

दिवसभरात मोठी प्रार्थना होत नसेल तर नहेम्यासारखी करा. तो पारसाच्या राजाचा प्यालेबरदार. राजाने विचारलं, तुझी काय मागणी आहे? त्याने उभ्या उभ्या स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली आणि पुढच्याच वाक्यात राजाला उत्तर दिलं. त्या प्रार्थनेचे शब्दसुद्धा शास्त्रात नोंदवलेले नाहीत, इतकी ती लहान असेल. फोन उचलण्याआधी, पालकांशी बोलायला बाहेर जाण्याआधी, एवढंसं पुरतं. संध्याकाळी मात्र मुलींच्या नावांची यादी एकदा वाचून पाहा. विनंती जोडू नका, नुसती नावं देवापुढे वाचा. थकव्यात मुली 'संख्या' होऊन जातात आणि नावं घेतली की त्या परत लेकरं होतात.

मार्कच्या पहिल्या अध्यायाकडे तुम्हाला मुद्दाम न्यायचं आहे, कारण तुमच्यासारख्या मनाच्या माणसाला तो टोचतो. कफर्णहूमात संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलं होतं. प्रभू येशूने पुष्कळांना बरं केलं. मोठ्या पहाटे, अंधार असतानाच तो उठून रानात प्रार्थनेला गेला. शिमोन आणि त्याचे सोबती शोधत आले आणि म्हणाले, सगळे तुला शोधताहेत. प्रभूचं उत्तर होतं, आपण शेजारच्या गावांत जाऊ. त्या सकाळी कफर्णहूमात आणखी आजारी नव्हते असं नाही. लोक शोधत होते ते त्यासाठीच. प्रार्थनेतून उठलेला येशू त्यांना तिथेच ठेवून पुढे गेला, कारण पित्याने कशासाठी पाठवलं आहे ते त्याला प्रार्थनेत स्पष्ट झालं होतं. देवाचा पुत्रही समोरची प्रत्येक गरज म्हणजे आपलं काम असं मानत नव्हता. आपण मात्र कितीदा तसं मानतो, आणि त्याला समर्पण म्हणतो.

दसऱ्याच्या सुमारास एखादी आई गेटपाशी पोरीला घेऊन उभी राहते, बैलगाडी नाहीतर टेम्पो निघायच्या बेतात असतो, आणि बोर्डिंगमध्ये जागा नसते. त्या क्षणी 'नाही' म्हणणं किती अवघड असतं हे मला ठाऊक आहे. ज्या अधीक्षिका कधीच नाही म्हणत नाहीत त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण त्यांच्या बोर्डिंगमधल्या मुलींची काळजीही वाटते. रात्री एकटी बाई जितक्या मुली सुरक्षित ठेवू शकते तितक्याच तिने ठेवाव्यात. नाही म्हणताना त्या आईला रस्त्यावर सोडू नका. गावातल्या शाळेला जोडून हंगामी वसतिगृह चालतं का ते विचारा, मागे आजी-आजोबा आहेत का पाहा, शेजारच्या तालुक्यातल्या बोर्डिंगला फोन लावा. एवढं केल्यावर जी मुलगी तुमच्याकडे नाही ती देवाच्या हाताबाहेर गेली असं समजू नका. विश्वास ठेवण्याची कसोटी मला तरी इथेच लागताना दिसली आहे : मी नसेन तिथेही तो आहे, हे मानण्यात.

तुमच्याच प्रकारच्या कामातलं सगळ्यात मोठं नाव पंडिता रमाबाईंचं. त्यांच्याविषयी बोलताना आपण चमत्कार सांगतो आणि व्यवस्था विसरतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. 1887 साली अमेरिकेत बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदत करायचं वचन दिलं होतं. 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवा आणि मुलींसाठीची शाळा सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती पुण्याला आली. ती दहा वर्षं संपत आली होती आणि नेमका त्याच वेळी, 1896-97 साली, मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बाईंनी स्वतःचे आई-वडील आणि बहीण दुष्काळात गमावलेली होती. भूक काय असते ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. पैशाची पुढची सोय दिसत नसताना त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची धास्ती होती, इतक्या नव्या जणींना शहरात ठेवता येईना. म्हणून केडगावला, फळबाग करायला घेतलेल्या जमिनीवर, तंबू आणि झोपड्या घालून त्यांना ठेवलं. हेच पुढे मुक्ती सदन झालं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

बाईंनी तेव्हा ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरसारख्या, अनाथांचं काम निव्वळ प्रार्थनेच्या आधारावर चालवणाऱ्या लोकांची चरित्रं वाचली होती, आणि आपली गरज आधी देवाला सांगायची असा त्यांचा निश्चय होता. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्या काळात केडगावात काय चाललं होतं तेही पाहा. शारदा सदनात शिकून मोठ्या झालेल्या मुली नव्या आलेल्यांच्या शिक्षिका झाल्या, त्यांना न्हाऊ-माखू घालणाऱ्या झाल्या. सुंदराबाई पवार होत्या, अमेरिकेहून आलेल्या मिनी अब्राम्स होत्या, लेक मनोरमा होती. शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. दुष्काळातून आलेली मुलगी दोन-तीन वर्षांत दुसरीचा हात धरणारी होत होती. प्रार्थनाही बाईंनी एकटीने केली नाही. 1905 च्या जानेवारीत त्यांनी रोज एकत्र प्रार्थना करायला कोण येईल असं विचारलं तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमत होत्या. त्या जूनअखेरीस मुक्तीत झालेल्या आध्यात्मिक जागृतीविषयी आजही जगभर लिहिलं जातं. माझं लक्ष मात्र दरवेळी जानेवारीवर जातं. इतका मोठा व्याप चालवणारी बाई मुलींपुढे उभी राहून म्हणते, माझ्याबरोबर प्रार्थना करा. तुम्ही तुमच्या मुलींना असं कधी सांगितलं आहे का? त्यांच्यासाठी तुम्ही प्रार्थना करता हे मला माहीत आहे. 'ताईंसाठी प्रार्थना करा, ताई थकल्या आहेत' हे त्यांना सांगून पाहा. लेकरांच्या प्रार्थनेला कमी लेखू नका.

रमाबाईंना सगळंच मिळालं असं मात्र कुणी सांगू नये. जिच्या हाती काम द्यायचं त्या मनोरमेचा 1921 च्या जुलैत मृत्यू झाला. तिच्यासाठी किती प्रार्थना झाल्या असतील! त्यानंतर जेमतेम नऊ महिने बाई होत्या. त्या काळात पवित्र शास्त्राच्या सोप्या मराठी भाषांतराचं आपलं काम त्या पुरं करत होत्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. ज्या आईने लेकीसाठी मागितलं आणि तिला 'नाही' मिळालं, ती त्याच देवाचं वचन ओळ-ओळ लिहीत राहिली. याचा अर्थ मी तुम्हाला उलगडून सांगू शकत नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने मागूनही दुःखाचा प्याला टळला नाही, पौलाने तीनदा मागूनही त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही, आणि तरी दोघांनी पित्याचा हात सोडला नाही. केडगावचं काम आजही चालू आहे.

तुमच्या पत्रात झोपेविषयी काही नाही, पण मजकुरावरून ती पुरेशी होत नसावी असं वाटतं. 1 राजे, अध्याय एकोणीस. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम झालेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळतो, बैर-शेब्यात आपल्या चाकराला मागे ठेवतो, एकटाच रानात जातो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाचा दूत येतो तो उपदेश न करता. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं देतो. एलीया खातो आणि झोपतो. दूत परत उठवून परत खायला देतो, कारण वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे असं तो स्वतःच मान्य करतो. देवाचा मंद, शांत आवाज त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेबवर येतो. आधी जेवण आणि झोप, मग वाणी, हा क्रम देवानेच लावला आहे. तो आपण उलटा करू नये. आणि त्या वाणीतही काय आहे? तुझ्या जागी अलीशाला अभिषेक कर, आणि बाल या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार माझ्याजवळ आहेत. 'मी एकटाच उरलो' म्हणणाऱ्याला इथेही देवाने माणसंच दाखवली.

तेव्हा आठवड्यातला एक दिवस, तो रविवार नसला तरी चालेल, बोर्डिंगच्या आवाराबाहेर जा. एकशे सत्ताविसावं स्तोत्र सांगतं की पहाटे उठून रात्री उशिरा निजणं आणि कष्टाची भाकर खाणं व्यर्थ आहे, कारण परमेश्वर आपल्या प्रियजनांना झोप देतो. हे कामचुकारासाठी लिहिलेलं नाही, तुमच्यासारख्यांसाठीच आहे. आणि एक गोष्ट स्पष्ट विचारतो. सलग दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, कारण नसताना रडू फुटत असेल, किंवा एलीयासारखं 'आता नको' असं मनात येत असेल, तर डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोन-सेवा 14416 या नंबरवर आहे, मराठीतही बोलता येतं. औषध घेणं हा विश्वासातला कमीपणा नाही. भाकर आणि पाणी घेऊन आलेल्या दूताला एलीयाने 'मी फक्त प्रार्थना करीन' असं सांगितलं नव्हतं.

आता बोलावणं. काम जड झालं म्हणजे ते देवाचं नव्हतं, या मापाने मोजलं तर मोशे, एलीया, यिर्मया, पौल यांच्यातला एकही उरत नाही. आशियात आपल्यावर शक्तीपलीकडचं ओझं आलं आणि जगण्याचीही आशा उरली नाही, असं पौल करिंथकरांना उघड लिहितो. त्यामुळे जडपणावरून निकाल लावू नका. पण दुसऱ्या बाजूनेही सांगतो : देवाने तुम्हाला मुलींची आई व्हायला बोलावलं असेल, म्हणून याच बोर्डिंगची, याच पदावरची, याच पद्धतीची नेमणूक जन्मभराची होत नाही. नेमणूक कमिटी देते आणि ती बदलू शकते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मंडळी उभी केली. त्यांचं पाचारण त्यांच्याबरोबरच गेलं. तुम्हाला कधी जावं लागलं तर तुमचंही जाईल. फक्त हा निर्णय दोन आठवडे झोप झाल्यावर, रात्रीला माणूस मिळाल्यावर, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोघा विश्वासू जणांबरोबर प्रार्थना करून घ्या. आज घेऊ नका.

त्याआधी कमिटीला पत्र लिहा. तोंडी सांगितलेलं चहाबरोबर संपतं. मुली किती, रात्री मोठं माणूस किती, दवाखान्यात जायची वेळ आली तर बाकीच्या मुलींजवळ कोण असतं, हे साध्या आकड्यांत लिहा. तक्रारीचा सूर नको, पण लपवाछपवीही नको. अमुक तारखेपर्यंत मदतनीस मिळाली नाही तर मी नव्या मुली घेणार नाही, हे वाक्य त्यात असू द्या. हे पत्र लिहिणं हा तुमच्या प्रार्थनेचाच भाग आहे. मोशेलाही सत्तर जणांची नावं देवाने आयती दिली नाहीत, जमवायला सांगितलं. कमिटीतल्या कुणाला राग येईल. येऊ द्या. रात्री आवारात काही झालं तर त्याचा जाब त्या लेकरांच्या आई-बापांना आपल्या सगळ्यांना द्यावा लागेल, हे त्यांनाही कळतं.

उत्तर येईपर्यंत थांबून राहू नका. तुमच्या गावच्या मंडळीतलं महिला मंडळ या रविवारी उपासनेनंतर दहा मिनिटं थांबवा. त्यात निवृत्त शिक्षिका असतील, मुलं शहरात गेल्याने घरी एकट्या असलेल्या बायका असतील. आठवड्यातून एकेक रात्र बोर्डिंगवर झोपायला कोण येईल, एवढंच विचारा. येणाऱ्या बाईंना तुमचे पाळक आणि कमिटी ओळखत असावी आणि त्यांची नावं रजिस्टरला लागावीत, एवढी खबरदारी घ्या. पहिल्याच रविवारी दोघी मिळाल्या तरी आठवड्यातल्या दोन रात्री तुम्ही पूर्ण झोपाल.

आणि कमिटी काय म्हणाली ते मला कळवा. बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे सात-आठ म्हातारी माणसं प्रार्थनेला जमतात. आम्हाला वेळ आहे. मुलींची आडनावं नकोत, पहिली नावं तेवढी लिहून पाठवा. बुधवारची यादी आम्ही वाचू.